मिलिंद सोमण

मिलिंद सोमण (जन्म : ४ नोव्हेंबर, १९६५) हे भारतीय अभिनेते, मॉडेल, माजी राष्ट्रीय जलतरण विजेते व अतिदीर्घ पल्ल्याचे धावपटू आहेत. तारुण्यात जलतरणात नाव मिळवल्यानंतर वयाच्या चाळिशीच्या सुमारास ते धावण्याकडे वळले आणि पन्नाशीच्या आसपास त्यांनी अल्ट्रामॅरेथॉनच्या पल्ल्यांची अंतरे पूर्ण केली.

== सुरुवातीचे जीवन व जलतरण ==

सोमण यांचा जन्म स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे एका मराठी कुटुंबात झाला. बालपणीची काही वर्षे इंग्लंडमध्ये काढल्यावर ते मुंबईत आले व दादरच्या शिवाजी पार्क परिसरात वाढले. त्यांच्या मातोश्री उषा सोमण या जीवरसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. मिलिंद यांनी जलतरणात महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व केले. ब्रेस्टस्ट्रोक हा त्यांचा प्रकार होता. १९८०च्या दशकात ते सलग चार वर्षे राष्ट्रीय विजेते ठरले. १९८४ साली काठमांडू येथे भरलेल्या पहिल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत त्यांनी रौप्यपदक मिळवले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी स्पर्धात्मक जलतरण सोडले व ते मॉडेलिंग आणि अभिनयाकडे वळले. १९९५ सालच्या ‘मेड इन इंडिया’ या गीताच्या चित्रफितीमुळे त्यांना देशभर प्रसिद्धी मिळाली.

== धावण्याकडे वळण ==

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. या स्पर्धेच्या निमित्ताने सोमण धावू लागले व त्यांनी अर्धमॅरेथॉनपासून (२१.१ किमी) सुरुवात केली. पोहणे आणि धावणे या दोन्हींत हृदय व फुप्फुसांच्या क्षमतेचा कस लागतो. मात्र पोहताना शरीराचा भार पाणी पेलते, तर धावताना प्रत्येक पावलाचा आघात घोटे, गुडघे व स्नायुबंध यांवर येतो. हृदयाची क्षमता काही महिन्यांत वाढते, पण हाडे व स्नायुबंध त्या मानाने सावकाश बळकट होतात. त्यामुळे अन्य खेळांतून येणाऱ्या धावपटूलाही अंतर टप्प्याटप्प्यानेच वाढवावे लागते. सोमण यांच्या बाबतीत पहिली अर्धमॅरेथॉन व पहिली मोठी अतिदीर्घ धाव यांत सुमारे आठ वर्षांचे अंतर आहे.

== अतिदीर्घ पल्ल्याची धाव ==

४२.१९५ किमी या मॅरेथॉनच्या अंतराहून अधिक लांबीच्या धावेस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. ५० किमी, १०० किमी व १०० मैल ही तिची प्रचलित अंतरे होत. काही स्पर्धांत अंतराऐवजी १२ किंवा २४ तासांची वेळ ठरलेली असते.

२०१२ साली पर्यावरणविषयक ‘ग्रीनेथॉन’ उपक्रमात सोमण दिल्ली ते मुंबई असे १,५०० किमी अंतर ३० दिवसांत धावले. सरासरीने पाहता हे अंतर रोज ५० किमी, म्हणजे एका मॅरेथॉनहून अधिक होते. जुलै २०१५ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, त्यांनी झुरिक येथील ‘आयर्नमॅन’ स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. तीत ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल चालवणे व ४२.२ किमी धावणे यांचा समावेश असतो.

२०१६ साली ते अहमदाबाद ते मुंबई हे ५२७ किमी अंतर अनवाणी धावले. पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ त्यांच्या मातोश्री, पंचाहत्तरी ओलांडलेली असताना, साडी नेसून अनवाणी त्यांच्यासोबत काही अंतर धावल्या. अहमदाबादहून येणारा हा महामार्ग दहिसर येथे मुंबई उपनगर जिल्ह्यात प्रवेश करतो आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग या नावाने बोरिवली, अंधेरीमार्गे वांद्र्यापर्यंत जातो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा येथे ‘अल्ट्रामॅन’ ही तीन दिवसांची स्पर्धा पूर्ण केली. तिचे एकूण अंतर सुमारे ५१७ किमी आहे : १० किमी पोहणे, सुमारे ४२३ किमी सायकल व शेवटच्या दिवशी ८४ किमी धावणे. प्रत्येक दिवसाचा टप्पा १२ तासांत संपवणे बंधनकारक असते. या स्पर्धेतही ते अनवाणी धावले.

== अन्य कार्य ==

स्त्रियांमध्ये धावण्याची आवड वाढावी आणि स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृती व्हावी या हेतूने २०१२ साली सुरू झालेल्या ‘पिंकेथॉन’ या केवळ महिलांसाठीच्या धावेचे ते एक संस्थापक आहेत. रूपा पै यांच्यासह लिहिलेले ‘मेड इन इंडिया’ हे त्यांचे इंग्रजी आत्मकथन २०२० साली प्रसिद्ध झाले.