रुपेरी पडद्यावरील तोड्याची बंदूक

ऐतिहासिक चित्रपटातील पगड्यांचा घाट, लुगड्यांचे काठ, दागिन्यांची घडण यांची चिकित्सा आपल्याकडे हिरिरीने होते. बंदुकीची मात्र सहसा होत नाही. शिपायाने चाप ओढला की बार उडतो, पुन्हा ओढला की पुन्हा उडतो. दोन बारांमधला काळ कोठे गेला, हे प्रेक्षक विचारीत नाहीत. आम्हांला तो मधला काळच मोलाचा वाटतो.

तोड्याची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतावी, गोळी सोडावी, गजाने ती घट्ट बसवावी. मग कानात रंजक घालून वरचे झाकण सारावे. तोडा म्हणजे शोऱ्याच्या पाण्यात मुरवलेला सुती दोर. तो सतत धुमसत ठेवावा लागे. त्याचा निखारा फुंकून फुलवावा, चिमट्यात बसवावा, झाकण उघडावे आणि मगच चाप ओढावा. सराईत हाताचाही मिनिटास एखादा बार होई, फार तर दोन. पावसाने तोडा भिजला की हातात केवळ दांडके उरे. शिवाय बार होताच पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नेमबाजाला आपलाच शत्रू दिसेनासा होई. ही विद्या आपल्या भूमीत हलक्या दर्जाची होती असे मात्र कोणी समजू नये. 1510 मध्ये गोवे जिंकणाऱ्या आल्बुकेर्कने पोर्तुगालच्या राजाला धाडलेल्या पत्रात गोव्याच्या बंदूक घडविणाऱ्या कारागिरांची मुक्तकंठाने वाखाणणी केली होती.

आता पडद्याकडे वळू. बाबूराव पेंटरांच्या 1923 च्या ‘सिंहगड’ या मूकपटापासून 2020 च्या ‘तान्हाजी’पर्यंत कोंढाण्याची रात्र पुनःपुन्हा चित्रित झाली. त्यातल्या शेवटच्या चित्रपटात ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ कल्पिलेली आहे. कथेची सारी चिंता तिच्याभोवती फिरते. वस्तुतः 4 फेब्रुवारी 1670 च्या त्या छाप्याचे मर्म अगदी उलट ठिकाणी आहे. काळोखात कडा चढणाऱ्याजवळ पेटता तोडा असेल, तर त्याचा लाल ठिपका आणि उग्र वास पहारेकऱ्याला सावध करणारच. ढाल-तलवारीची ती झुंज नुसत्या शौर्याच्या हौसेने झाली नाही. हत्याराच्या मर्यादेनेही ती तशी घडवली. दिग्दर्शकाने हे दाखवले असते, तर मावळ्यांचे शौर्य काडीमात्र उणे झाले नसते.

‘प्रेक्षक थांबायला तयार नसतो’ ही सबब आम्हांला पटत नाही. जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांच्या 1954 च्या ‘सेव्हन सामुराई’ या चित्रपटात दरोडेखोरांजवळ बंदुका अवघ्या तीन. त्या मोजल्या जातात, एकेक करून हिरावल्या जातात, आणि जे चार सामुराई पडतात ते चारही गोळीनेच पडतात. बार क्वचित होतो, म्हणूनच तो काळजात घुसतो.

आमच्या भागापुरता हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. 1956 च्या पुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी घरची भाषा आणि घरचा इतिहास नागपूरचाच. त्या राज्याचे भवितव्य 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर ठरले. कंपनीची फौज सुमारे 1,400, भोसल्यांची सुमारे 18,000. एवढी मोठी सेना हरली कशी, याचे उत्तर आमच्याकडे एका शब्दात देतात: फितुरी. फार तर आप्पासाहेबांच्या डळमळीत मनाला दोष देतात. दोन्हींत तथ्य असेलही. परंतु रणांगणाचा हिशेब त्याने पुरा होत नाही.

भोसल्यांच्या पदरच्या अरबांजवळ लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका होत्या. टेकडीखालच्या झोपड्यांच्या आडोशाने ते लढले. आडोसा असला म्हणजे भरायला लागणारा वेळ अंगावर येत नाही आणि लांब नळीचा नेमही साधतो. रात्रभर त्यांनी कंपनीच्या पलटणींना जर्जर केले, सकाळी धाकटी टेकडी काबीज केली आणि तेथली तोफ थोरल्या टेकडीकडे वळवली. विजय हाताच्या अंतरावर होता. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी मैदानातले भोसल्यांचे घोडदळ उधळले. धाकट्या टेकडीवर दारूचा स्फोट होऊन गोंधळ माजला आणि त्या क्षणी कंपनीचे पायदळ संगिनी रोखून चालून आले. कंपनीच्या चकमकीच्या बंदुकीला तोडा नको, आणि रिकामी झाली तरी पुढच्या संगिनीमुळे ती भाला होई. तोड्याच्या बंदुकीला संगीन नव्हती. एकदा बार गेला की अरबाला दुसऱ्यासाठी उसंत हवी होती, ती त्या उतारावर मिळणे शक्य नव्हते. सुमारे 18 तासांच्या या लढाईत कंपनीचे साडेतीनशेहून अधिक लोक मेले वा जायबंदी झाले. समोरचा शिपाई लेचापेचा नव्हता याचा हा पुरावाच.

ज्या पिढीने पडद्यावर क्षणोक्षणी बार उडताना पाहिले, तिला ही उसंत कळणार कशी? मग पराभवाला फितुराखेरीज दुसरे कारण सुचत नाही, आणि आडोशाला रात्र काढून लढलेला माणूस कथेतून गळून जातो. सीताबर्डीवर कधी चित्रपट निघालाच, तर दिग्दर्शकाने तोफांची संख्या खुशाल वाढवावी. मात्र एका अरबाला झोपडीमागे बसवावे आणि बंदूक भरताना, तोडा फुंकताना, अखंड अर्धा मिनिट आम्हांला दाखवावे.