जॉर्ज स्पेन्सर: घराणे व विद्या

जॉर्ज स्पेन्सर (१७९९–१८६४) यांचे चरित्र पाहता त्यांच्या घराण्याचे वैभव प्रथम नजरेत भरते. पिता दुसरे अर्ल स्पेन्सर हे पुत्रजन्माच्या वेळी ब्रिटिश आरमार खात्याचे प्रमुख होते. थोरले बंधू पुढे अर्थमंत्री झाले. पित्याच्या विख्यात ग्रंथसंग्रहात गुटेनबर्गचे बायबलही होते.

ईटन व केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज येथे जॉर्ज शिकले. तेथे ग्रीक, लॅटिन व गणित यांना मान होता. भावी पाळकांसाठी स्वतंत्र धर्मविद्यालय मात्र इंग्लंडच्या मंडळीत तेव्हा रूढ नव्हते. उमरावाच्या धाकट्या पुत्राने पाळक व्हावे, हा तर जणू कुळाचारच. १८२२ मध्ये ते डीकन झाले व १८२५ मध्ये ब्रिंग्टनचे पाळक. ते पद देण्याचा अधिकार स्पेन्सर घराण्याकडेच होता.

तेथे अन्य पंथांच्या लोकांशी वाद करताना आपल्याच श्रद्धेचा आधार तपासणे त्यांना भाग पडले. १८३० मध्ये ते कॅथलिक झाले, रोममध्ये धर्मशास्त्र शिकले व १८३२ मध्ये धर्मगुरू झाले. १८४७ मध्ये त्यांनी दारिद्र्यव्रती पॅशनिस्ट संघात प्रवेश केला.

त्यांचा निर्णय सर्वांस मान्य होईल असे नाही. परंतु उमेदवार पारखताना घराणे व पदवी आधी पाहणाऱ्या आम्हांस हे चरित्र विचारात पाडते. घराण्याने त्यांना पद दिले, विद्यापीठाने विद्या दिली. पाचारणाचे उत्तर त्यांना स्वतःच, आणि तेही पाळक झाल्यावर, शोधावे लागले. तो शोध दीक्षेपूर्वी व्हावा, यासाठीच सेमिनरीची वर्षे आहेत.