झडपांचा जंतुसंसर्ग आणि हृदयविकाराचा झटका

हृदयाच्या झडपेवरील संसर्गित पुंजक्याचा तुकडा सुटून हृद्‌रोहिणीत अडकल्याने येणारा झटका. झडपांच्या जंतुसंसर्गाला एन्डोकार्डायटिस म्हणतात. त्यात झडपेच्या कडेवर बिंबाणू, फायब्रिन आणि जंतू यांचे ठिसूळ पुंजके साचतात. लंडनमधील १८८५च्या व्याख्यानांत विल्यम ऑस्लर यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन केले. पेनिसिलिन येईपर्यंत तो जवळजवळ नेहमीच जीव घेई.

सुटलेले तुकडे बहुधा मेंदू, प्लीहा किंवा मूत्रपिंडात जातात. हृद्‌रोहिणीत ते क्वचितच शिरतात. महारोहिणीच्या झडपेला संसर्ग असेल तर धोका अधिक, कारण हृद्‌रोहिण्यांची तोंडे तिच्या लगतच असतात. कधी तुकडा न सुटताही झटका येतो: झडपेच्या मुळाशी झालेले गळू रोहिणीला बाहेरून दाबते.

ईसीजी नेहमीच्या झटक्यासारखाच दिसतो. वेगळेपण रुग्णाच्या हकिगतीत असते. कित्येक आठवडे रेंगाळलेला ताप, हृदयात नव्याने ऐकू येणारी मर्मर, कृत्रिम झडप किंवा लहानपणी झालेला संधिवातज्वर. तिशीतल्या माणसाला, मधुमेह नाही, तंबाखू नाही, तरी झटका आला, तर तापाची चौकशी झालीच पाहिजे. ती करायला अर्धे मिनिटही लागत नाही, पण धावपळीत नेमकी तीच राहून जाते.

ही चूक महागात पडते. कॅथलॅब नसलेल्या गावात झटक्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात. येथे मात्र संसर्गाने मेंदूतील रोहिणीची भिंत फुगून कमकुवत झालेली असू शकते. त्या इंजेक्शनाने ती फुटून रक्तस्राव होण्याचा धोका मोठा. स्टेंट बसवला तर जंतूंना ठाण मांडायला परकी वस्तू मिळते. त्यामुळे शक्य तेथे नळीने तुकडा ओढून काढण्याकडे कल असतो. अँजिओग्राफीत अशा वेळी बाकीच्या रोहिण्या बऱ्याचदा स्वच्छ असतात आणि एकच फांदी मध्येच तुटल्यासारखी दिसते. ओढून काढलेला तुकडा फेकून न देता कल्चरला व सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवावा. त्यात जंतू सापडले की निदान पक्के होते.

प्रतिजैविके शिरेतून साधारण ४ ते ६ आठवडे द्यावी लागतात, पण पहिल्या मात्रेआधी रक्ताचे नमुने कल्चरसाठी घेतलेले असावेत. तुकडे सुटण्याचा धोका उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक. पुंजका १० मिलिमीटरहून मोठा असेल किंवा झडप फाटून गळत असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.