जीपचा हूड

जीपचा हूड म्हणजे उघड्या जीपवर लोखंडी नळ्यांच्या कमानींच्या आधाराने बसवलेले, काढता किंवा दुमडता येणारे कापडी छत होय. महाराष्ट्रात ते बहुधा रेक्झिनचे किंवा ताडपत्रीच्या जाड कापडाचे शिवले जाते. छत दुमडता येणाऱ्या जुन्या मोटारींवर व्हिनाइलचे आवरण चढवण्याची रीतही मुख्यतः अशीच आहे.

इतिहास

महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे या गाड्या शासकीय खाती, लष्कर आणि ग्रामीण प्रवासी वाहतूक यांत रुळल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये विक्रीस आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थार गाडीतही कापडी छताचा पर्याय होता.

साहित्य

‘रेक्झिन’ हे मुळात इंग्लंडमधील एका कृत्रिम चामड्याचे व्यापारी नाव होते. भारतात ते पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडासाठी रूढ झाले. पीव्हीसी मूळचे कडक असते. त्यात मिसळलेल्या मृदुकारक द्रव्यामुळे ते लवचीक होते. उन्हाने हे द्रव्य हळूहळू कमी होते आणि कापड आकसून तडकते. मागील खिडकीचे पारदर्शक प्लास्टिकही उन्हाने पिवळे पडते.

बसवण्याची पद्धत

जुना हूड फाटला तरी टाकून देत नाहीत. शिवण उसवून त्याच्याच मापाने नवे कापड बेततात. कमानी सरळ करून, गंज घासून रंगवतात आणि कापड घासले जाऊ नये म्हणून त्यांवर जाड पट्टी गुंडाळतात. नवे आवरण काही वेळ उन्हात पसरून मऊ करतात. काचेच्या चौकटीचा व आवरणाचा मध्य खडूने आखून तो जुळवतात. आधी पुढची कड पक्की करतात, मग आवरण मागे ताणतात आणि शेवटी दोन्ही बाजू आळीपाळीने ओढून पट्टे व टिचबटणे लावतात. एक बाजू आधीच पक्की केल्यास शिवण तिरपी जाते. गार झाल्यावर कापड आणखी ताठ बसते. शिवणीसाठी न कुजणारा पॉलिएस्टरचा दोरा वापरतात. पुढचा तुकडा मागच्यावर चढवून शिवल्यास समोरून येणारे पाणी जोडात शिरत नाही.

हवामान व निगा

जुन्नर तालुक्यातील आळे परिसरात उन्हाळा कडक असतो, तर आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज घाटाकडे जाताना पाऊस व धुके वाढत जाते. त्यामुळे एकाच हुडाला ऊन आणि मुसळधार पाऊस दोन्ही सोसावे लागतात. सैल हुडावर पाणी साचते, शिवणीतून झिरपते आणि गाडीचा पत्रा गंजतो. ओला हूड दुमडून ठेवल्यास बुरशी धरते. तो सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवणे योग्य ठरते. पेट्रोल किंवा थिनरने पुसल्यास लेप खराब होतो.

सुरक्षितता

हूड ऊन-पावसापासून आडोसा देतो. गाडी उलटल्यास मात्र तो प्रवाशांचे रक्षण करू शकत नाही. ते काम गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या मजबूत पोलादी चौकटीचे आणि सीटबेल्टचे असते. मागील खिडकी धूसर झाल्यास मागची वाहने दिसत नाहीत, म्हणून ती वेळीच बदलणे आवश्यक असते. त्याच मापाचा नवा कापडी हूड बसवणे ही दुरुस्ती ठरते. कायमचे पत्र्याचे छत बसवताना मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ चे वाहनातील फेरबदलांविषयीचे निर्बंध विचारात घ्यावे लागतात.