हॉपच्या निरोगी रोपाची कुळकथा

जळगावकडे टिश्यू कल्चर म्हटलं की एकाच वेळी काढणीला येणारी केळीची बाग डोळ्यांपुढे येते. हॉपच्या वेलाकडे ही विद्या आली ती आधी रोग काढायला. झपाट्याने रोपं करणं मागाहून आलं.

बिअरला कडूपणा आणि वास देणारा हा वेल बियांपासून लावून भागत नाही. त्या रोपांतले बरेच नर निघतात, आणि बिअरला लागणारे शंकूसारखे फुलोरे येतात मादी वेलालाच. शिवाय बियांच्या रोपात आईचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखालच्या खोडाचे तुकडे लावत आले. इंग्लंडमधला हॉपचा प्रसिद्ध वाण ‘फगल’ असाच तुकड्यांनी पसरला. पण तुकड्याबरोबर आईच्या अंगातले विषाणूही येतात, आणि वेलावर फवारून मारता येईल असं औषध त्यांच्यावर नाही.

वाट सापडली फ्रान्समध्ये, डेलियाच्या झाडावर. 1952 मध्ये जॉर्ज मोरेल आणि क्लोद मार्तँ यांनी विषाणूग्रस्त डेलियाच्या कोंबाचं अगदी टोक कापून वाढवलं आणि त्यातून निरोगी झाड मिळवलं. टोकाच्या पेशी भराभर वाढत असतात, अन्नरस वाहणाऱ्या नळ्या तिथवर पोचलेल्या नसतात, त्यामुळे विषाणू मागे पडतो. 1962 मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी क्षारांचं मिश्रण ठरवलं. आजही बहुतेक प्रयोगशाळांत तेच वापरतात. हॉपच्या कोंबाचं टोक वाढवून विषाणू घालवल्याचं काम इंग्लंडच्या केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रातून 1969 मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर त्याला उष्णतेच्या उपचाराची जोड मिळाली.

काम मोठं नजाकतीचं. सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक कोवळं पान बाजूला करत जायचं. शेवटी ओलसर, चकाकणारा एक घुमट उरतो, मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा. मोठा तुकडा घेतला तर रोग सोबत येतो. फार लहान घेतला तर तो जगत नाही. या दोन भीतींमधून हात चालवणाऱ्या तंत्रज्ञांचं मला फार कौतुक वाटतं. तगलेलं रोप विषाणूंसाठी तपासायचं, आणि ते निर्मळ ठरलं तरच त्याची पेरं कापून बाटल्यांतून संख्या वाढवायची. बाटलीतल्या दमट हवेत पानांवर पुरेसं मेण धरत नाही, म्हणून हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची हळूहळू सवय, केल्याशिवाय रोप बाहेर काढलं की ते काही तासांत मान टाकतं.

विषाणू गेले तरी व्हायरॉइड उरतात. प्रथिनाचं कवचही नसलेला आरएनएचा हा उघडा धागा उष्णतेला दबत नाही. ऊबेत तो उलट फोफावतो. इंग्लंडमधल्या संशोधकांनी मग उलटी वाट धरली: हॉपची रोपं कित्येक महिने गोठणबिंदूच्या जरा वर, थंडीत ठेवायची आणि मगच टोक कापायचं. 1990 च्या दशकात त्यांनी हॉप लेटंट व्हायरॉइड असाच काढून दाखवला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या प्रॉसर इथे हॉपच्या अशा तपासलेल्या मातृवेली जपून ठेवतात आणि रोपवाटिकांना तिथून बेणं मिळतं.