मॉनिटर, मंत्री आणि मुलांची सभा

शालेय मंत्रिमंडळाची वंशावळ धुंडाळत मागे मागे गेलं, की सोळाव्या शतकातल्या एका मास्तरांपाशी थांबावं लागतं. फालेंटिन ट्रोट्झेनडॉर्फ हे त्यांचं नाव. सायलेशियातलं गोल्डबर्ग हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तिथल्या लॅटिन शाळेचे ते मुख्याध्यापक. १५५६ साली ते वारले, तोवर त्यांच्या शाळेची ख्याती दूरवर पसरली होती. या मास्तरांनी शाळेचं छोटं रोमन प्रजासत्ताकच करून टाकलं होतं. मुलांमधलाच एक कॉन्सल, बारा सिनेटर, दोन सेन्सॉर. कुणी आगळीक केली की त्याची सुनावणी या मुलांपुढे व्हायची. आरोपी उभा राहून आपली बाजू मांडायचा, तीही लॅटिनमध्ये, आणि भाषण उत्तम वठलं तर त्याची सुटकाही व्हायची. या सगळ्यांच्या वर ट्रोट्झेनडॉर्फ स्वतः, तहहयात डिक्टेटर म्हणून. निवडणुकीचा प्रश्नच नव्हता.

मास्तरांचा हेतू लॅटिन पक्कं करून घेण्याचा आणि शिस्त लावण्याचा होता. मुलांना शाळेच्या कारभारात मत असावं, हा विचार त्यामागे असेल असं मला वाटत नाही. तरी एक गोष्ट तिथे घडली आणि ती लहान नाही. शिक्षा होण्याआधी मुलाचं ऐकून घेतलं जाऊ लागलं.

या वंशावळीत एक दुसरं घराणं नेहमी मिसळतं. ते आधी वेगळं काढायला हवं, कारण आपल्या शाळांत आज जे दिसतं त्यात त्याचाच वाटा मोठा आहे. हे घराणं मॉनिटरचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळच्या एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांचं एक आश्रमगृह होतं. अँड्र्यू बेल हे पाद्री त्याचे प्रमुख. तिथे थोड्या मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायची पद्धत त्यांनी बसवली आणि १७९७ साली इंग्लंडला परतल्यावर तिचा अहवाल छापला. तीच पुढे ‘मद्रास पद्धत’ म्हणून जगभर गेली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतही जाणता मुलगा नवख्याला धुळाक्षरं गिरवायला लावायचाच. हा मॉनिटर मोठा कामाचा. पण तो मास्तरांच्या वतीनं वर्गाशी बोलतो, वर्गाच्या वतीनं मास्तरांशी नाही. वर्गात कोण गडबड करतं त्याची नावं तो फळ्यावर लिहितो. मास्तर उशिरा आले तर त्यांचं नाव लिहायला त्याच्याजवळ फळा नसतो.

वर्गाच्या वतीनं बोलणारं मूल पहिल्यांदा स्पष्ट दिसतं ते बर्मिंगहॅममध्ये, हिल कुटुंबाच्या शाळेत. वडील टॉमस राइट हिल आणि त्यांचे मुलगे. त्यातले रोलंड हिल म्हणजे पुढे १८४० साली एक पेनीत टपाल सुरू करणारे. १८१९ साली ही शाळा हेझलवूडच्या नव्या इमारतीत गेली. तिथे मुलं आपली समिती निवडून देत. समिती शाळेचे नियम करी आणि मुख्याध्यापकांच्या संमतीनं ते लागू होत. तंट्यांचा निवाडा मुलांच्या न्यायालयात, मुलांच्याच ज्यूरीपुढे होई. छडी बंद झाली होती. १८२२ साली या सगळ्याचं पुस्तक निघालं, तेव्हा दूरदूरचे लोक शाळा पाहायला येऊ लागले.

याच हिल घराण्यातली एक गोष्ट सांगितली जाते. समिती निवडायची, तर टॉमस हिल मुलांना म्हणाले, जो पसंत असेल त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. एका मुलाभोवती मोठा घोळका जमला, दुसऱ्याभोवती दोघंच. निवडून यायला लागतात त्याहून जास्त मुलं एकाकडे झाली आहेत हे कळल्यावर त्या घोळक्यातली काही आपण होऊन दुसऱ्या पसंतीच्या मुलाकडे सरकली. ज्याच्याभोवती फारच थोडे होते, त्याचेही पाठीराखे दुसरीकडे गेले. जवळजवळ कुणाचंच मत वाया गेलं नाही. एकल संक्रमणीय मताची कल्पना १८१९ मध्ये टॉमस हिल यांनी मांडली असं मानतात. पुढे इतरांनी तिला काटेकोर रूप दिलं. आपले आमदार विधान परिषदेसाठी आणि राज्यसभेसाठी पहिली पसंती, दुसरी पसंती लिहितात, कोटा भरला की वरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, ती हीच पद्धत. मोठ्यांच्या लोकशाहीची नक्कल करायला मुलांना शिकवतात, असंच आपण धरून चालतो. इथे मात्र शाळेच्या पोरांची रीत विधिमंडळापर्यंत गेली आहे.

यानंतर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असे प्रयोग बरेच झाले. १८९५ साली न्यूयॉर्क राज्यात ‘जॉर्ज ज्युनिअर रिपब्लिक’ निघालं. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये शाळा काढली, तीच पुढे समरहिल झाली. तिथल्या सर्वसाधारण सभेत सहा वर्षांच्या मुलाचं आणि नीलचं मत सारख्याच मोलाचं असे. त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. आपल्या घराकडची शाखा जास्त जवळची आहे.

ती सुरू होते शांतिनिकेतनात. १९०१ साली रवींद्रनाथांनी मोजक्या मुलांना घेऊन आश्रमशाळा काढली. मुलं आपला नायक निवडत, चुकलेल्याचा विचार मुलांचीच सभा करी. १९१५ च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे होते. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमाची मुलं आधीच तिथे मुक्कामाला होती. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकरही त्या वेळी तिथेच. गांधीजींनी विचारलं, पगारी आचाऱ्यांऐवजी मुलं आणि शिक्षक मिळूनच स्वयंपाक का करत नाहीत? मुलं हरखली. शिक्षकांत दोन मतं पडली. रवींद्रनाथांनी हरकत घेतली नाही. उलट स्वराज्याची किल्ली याच प्रयोगात आहे, अशा अर्थाचं ते मुलांशी बोलले. मग भाजी चिरणं, धान्य निवडणं, भांडी घासणं सुरू झालं. भांडी घासणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून काही जण शेजारी सतार वाजवत बसत. प्रयोग फार दिवस टिकला नाही. पण दर वर्षी १० मार्चला शांतिनिकेतनात अजूनही ‘गांधी पुण्याह’ पाळतात आणि त्या दिवशी कामगारांना सुट्टी देऊन ही सगळी कामं विद्यार्थी नि शिक्षक करतात.

शांतिनिकेतनातली ही रीत वर्ध्याला आली ती माणसांबरोबर. आर्यनायकम् आणि आशादेवी हे दोघंही रवींद्रनाथांच्या संस्थेत होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, ‘नयी तालीम’ या गांधीजींच्या शिक्षणयोजनेची आखणी झाली आणि या जोडप्यानं सेवाग्रामच्या शाळेचा भार उचलला. तिथे मुलांची आमसभा असे. सभा मंत्री निवडी, सफाईमंत्री, आरोग्यमंत्री, भोजनमंत्री. ही नावं आजही महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत जशीच्या तशी ऐकू येतात. फरक असा, की सेवाग्रामच्या भोजनमंत्र्याजवळ खरंखुरं कोठार होतं. किती माणसं जेवायची, ज्वारी किती लागेल, भाजी बागेत आहे की विकत घ्यावी लागेल, माणशी खर्च किती येतो, जेवण चौरस होतं का, याचा हिशेब त्या मुलांना करावा लागे आणि मुदत संपली की आमसभेपुढे वाचून दाखवावा लागे. वाचताना कुणीही उठून विचारावं. गणित, आहारशास्त्र आणि जबाबदारी एकाच वहीत आली. मला सगळ्या वंशावळीत ही वही फार मोलाची वाटते, कारण तिच्यात मुलाला पदही आहे, अधिकारही आहे आणि जाबही.

याच सुमारास, आणि बऱ्याच आधीपासून, पोलंडमध्ये एक डॉक्टर आणखी पुढे गेले होते. यानुश कोर्चाक. १९१२ साली वॉर्सातल्या क्रोखमाल्ना रस्त्यावर त्यांनी आणि स्तेफानिया विल्चिन्स्का यांनी ज्यू अनाथ मुलांचं घर उघडलं. ते घर शाळा नव्हतं, पण या वंशावळीत त्याला जागा हवीच. घरात शंभराच्या आसपास मुलं. भिंतीवर एक फळा. ज्याची तक्रार असेल त्यानं त्यावर आपलं नाव आणि ज्याच्यावर खटला भरायचा त्याचं नाव लिहायचं. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. पेन्सिल हिसकावली, चिडवलं, खेळू दिलं नाही, दार आपटलं, असल्या तक्रारी. आठवड्यातून एकदा न्यायालय बसे. न्यायाधीश पाच, तेही मुलांतलेच, आणि निवडून दिलेले नव्हेत. त्या आठवड्यात ज्यांच्यावर खटला नसेल त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून काढलेले. त्यामुळे गप्प बसणाऱ्या, कुणाच्या फारशा ओळखीच्या नसलेल्या मुलालाही एक दिवस त्या खुर्चीवर बसावं लागे.

कोर्चाकनी लिहिलेल्या संहितेत हजारपर्यंत क्रमांक होते. पहिली नव्व्याण्णव कलमं खटला सोडून देण्याची किंवा क्षमेची. तो रागात होता म्हणून क्षमा, त्याला ठाऊक नव्हतं म्हणून क्षमा, त्याला पश्चात्ताप झाला आहे म्हणून क्षमा. शंभरावं कलम इतकंच म्हणे, की न्यायालय क्षमा करत नाही. पुढे शंभरा-शंभरांनी कठोर होत हजाराव्या कलमाशी घरातून काढून टाकणं येई. तिथवर क्वचितच कुणी पोचलं.

या फळ्यावर मोठ्यांचंही नाव लिहिता येत असे. सहा महिन्यांत कोर्चाक पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून. एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. या खटल्यांनी आपल्याला घटनेला बांधलेला शिक्षक बनवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांवर माया आहे म्हणून नव्हे, तर मोठ्याच्या लहरीपासून मुलाला वाचवणारी एक संस्था घरात आहे, म्हणून असा शिक्षक मुलांना दुखवत नाही. माझ्या मते या कुळकथेतलं सर्वांत मोठं वळण हेच. गोल्डबर्गचा डिक्टेटर सिनेटच्या वर बसला होता. वॉर्साचा डॉक्टर मुलांसमोर उभा राहिला.

तिथे मुलांची संसदही होती. तिच्या वर्षाच्या दिनदर्शिकेत अशाही नोंदी होत्या, की २२ डिसेंबर, वर्षातला सर्वांत लहान दिवस, म्हणजे ‘उठण्यात अर्थ नाही’ दिवस, आणि २२ जून म्हणजे ‘झोपण्यात अर्थ नाही’ दिवस. मुलांना खरंच विचारलं तर मागण्या अशाही निघतात आणि त्या मान्य करायला मन मोठं असावं लागतं.

१९४० साली नाझींनी वॉर्सातल्या ज्यूंना घेट्टोत, म्हणजे भिंतींनी कोंडलेल्या वस्तीत, डांबलं तेव्हा हे घरही तिथे ढकललं गेलं. १८ जुलै १९४२ ला तिथल्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ नाटक केलं. आजारी अमलची आणि त्याच्या खिडकीची ती गोष्ट. कोर्चाकनी ते निवडलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलं, स्तेफानियाबाई आणि कोर्चाक यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं. सुटकेची संधी त्यांनी नाकारली होती.

बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा प्रस्ताव १९७८ साली संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला तो पोलंडनंच. २० नोव्हेंबर १९८९ ला करार मंजूर झाला. त्याचं बारावं कलम सांगतं, की आपल्याशी संबंधित गोष्टींत मुलाला मत मांडता आलं पाहिजे आणि त्याच्या वयाच्या नि समजेच्या मानानं त्या मताला वजन मिळालं पाहिजे. भारतानं ११ डिसेंबर १९९२ ला करार स्वीकारला. राजस्थानात तिलोनियाच्या रात्रशाळांत, जिथे दिवसभर शेळ्या राखणारी मुलं संध्याकाळी शिकायला येत, तिथे त्याच दशकात मुलांची संसद उभी राहिली. रीतसर मतदान, निवडून आलेले प्रतिनिधी आणि शिक्षक येतात का, पाणी आहे का, कंदील पेटतात का, यावर चर्चा.

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांतही आता शाळा सुरू झाल्यावर निवडणूक लागते. उमेदवारी अर्ज, चिन्हं, प्रचार, बोटाला शाई, हल्ली शिक्षकांच्या मोबाईलवर मतदानयंत्राचं अ‍ॅप. मुलं मनापासून रमतात आणि निवडणूक कशी चालते हे पुस्तकापेक्षा लवकर शिकतात. पण निकाल लागल्यावर काय? बऱ्याच ठिकाणी पाणीमंत्री हंडे भरतो, स्वच्छतामंत्री मैदान झाडून घेतो, परिपाठमंत्री रांगा सरळ करतो. कामं चांगलीच आहेत. पण ती मॉनिटरची आहेत. मुख्यमंत्रिपदी मुलगा आणि उपमुख्यमंत्रिपदी मुलगी ही वाटणी, पालकांच्या गावकीतले गट वर्गात शिरणं, बोलक्या मुलालाच दर वर्षी पद मिळणं, हेही निवडणुकीबरोबर येतं. पहिली-दुसरीतल्या पोरांना तर मत देण्यापलीकडे कुणी काही विचारत नाही. नळाची तोटी हाताला लागत नाही, शौचालयाची कडी आतून बसत नाही, मधल्या सुट्टीत मोठी पोरं मैदान अडवतात, हे त्यांचेच प्रश्न आहेत. चिठ्ठ्या टाकून सभेचे सदस्य काढायची वॉर्साची रीत अशा वर्गांत उद्यापासून वापरता येईल.

वेल्समध्ये २००५ साली नियम झाला, की शिशुवर्गांच्या शाळा सोडून प्रत्येक सरकारी अनुदानित शाळेत विद्यार्थी परिषद हवीच. प्राथमिक शाळेत तिथल्या तिसरीपासूनच्या वर्गांचे प्रतिनिधी तिच्यात असतात, वर्षातून किमान सहा बैठका होतात आणि परिषदेनं जे कळवलं त्याचा विचार करून मुख्याध्यापकांनी नि व्यवस्थापनानं उत्तर द्यावंच लागतं. उत्तर देणं बंधनकारक करणारं ते शेवटचं कलम आपल्याकडे यायला हवं. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीवर दोन विद्यार्थी घ्यायची तरतूद आहेच. त्यांनी सभेत मांडलेला मुद्दा इतिवृत्तात त्यांच्या नावानं लिहावा आणि पुढच्या सभेत इतर विषय घेण्याआधी त्यावरचं उत्तर वाचून दाखवावं. कडी बसवली, की बसवली नाही, आणि नाही तर का नाही.