बेवारशी वर्दीची नोंद

१९५०-६० या दशकाच्या उत्तरार्धात ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रातील लोप्स्ट्रा आणि शोल्टन यांनी आपल्या नियोजित एक्स-वन या संगणकात इंटरप्टची सोय करण्याचे योजिले, तेव्हा त्या यंत्राची मूलभूत आज्ञावली लिहिण्याचा भार ज्यांच्यावर होता, ते तरुण एड्सगर डायक्स्ट्रा त्या कल्पनेनेच धास्तावले. तोवरच्या बहुतेक यंत्रांत प्रोसेसर छपाईयंत्राला वा फीतवाचकाला ‘झाले काय?’ असे पुनःपुन्हा विचारीत ताटकळत असे. त्यात काळाचा अपव्यय होई खरा, परंतु कोणत्या क्षणी काय घडणार हे निश्चित असे. आता बाहेरचे साधन आपण होऊन वर्दी, म्हणजेच इंटरप्ट, देणार, आणि ती कोणत्या दोन आज्ञांच्या मध्ये येऊन पडेल याचा नेम नसल्याने, झालेली चूक पुन्हा घडवून दाखविणे अशक्य होणार, हे डायक्स्ट्रांना स्पष्ट दिसले. त्यांनी प्रथम विरोध केला, पुढे ते राजी झाले, आणि १९५९ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी इंटरप्ट हाताळण्याच्या त्या कार्याची तर्कशुद्ध मांडणी केली. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यांची ती धास्ती शिरोधार्य मानावी, असे मला मनापासून वाटते.

संगणक सामान्य माणसाच्या मेजावर आला, तेव्हा या धास्तीचा प्रत्यय निराळ्याच रीतीने आला. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८२५९-ए ही नियंत्रक चिप होती व तिच्याकडे शून्य ते सात क्रमांकांच्या आठ रेषा येत. १९८४ च्या पीसी-एटीत तशीच दुसरी चिप पहिलीला जोडण्यात आली. एखाद्या साधनाने रेषा उचलली, चिपने प्रोसेसरला वर्दी दिली, आणि प्रोसेसरची पोच परत येण्यापूर्वीच, विद्युत्-गोंगाटामुळे म्हणा वा साधनाने माघार घेतल्यामुळे म्हणा, ती रेषा पुन्हा खाली गेली, म्हणजे चिपपुढे पेच उभा राही: पोच आली आहे, कोणता तरी क्रमांक सांगणे भाग आहे, पण फिर्यादी मात्र जागेवर नाही. अशा प्रसंगी ती चिप सात हा क्रमांक सांगे. हा क्रमांक वहिवाटीने छपाईयंत्राच्या पोर्टचा, त्यामुळे संशय साहजिकच त्या निरपराध यंत्रावर जाई. खरा तपास चिपच्या ‘इन-सर्व्हिस’ रजिस्टरमध्ये करावा लागे. तेथे सातव्या रेषेचा बिट चढलेला नसेल, तर ती वर्दी बेवारशी समजावयाची आणि काम संपल्याची सूचना चिपला द्यावयाची नाही. दिल्यास खरोखर चालू असलेल्या दुसऱ्याच कामाची नोंद पुसली जाण्याचा धोका. याउलट दुसऱ्या चिपकडून असाच खोटा पंधरा क्रमांक, म्हणजे तिच्या शेवटच्या रेषेचा, आला, तर पहिल्या चिपला ती सूचना द्यावीच लागे, कारण तिच्यापुरती वर्दी खरी होती; न दिल्यास दुसऱ्या चिपवरची सारी साधने मुकी होत. पुढे आलेल्या एपिक या नियंत्रकात इंटेलने बेवारशी वर्दीसाठी स्वतंत्र क्रमांकच राखून ठेवला. हा बदल मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे अज्ञाताचा दोष ज्ञाताच्या माथी मारण्याची जुनी रीत बंद झाली.

अशा वर्दीची दप्तरी नोंद कशी व्हावी, याविषयी मात्र निरनिराळ्या कर्नलांचे धोरण भिन्न राहिले. फ्रीबीएसडी ‘भटक्या’ इंटरप्टची तक्रार पाच वेळा लिहून पुढे लिहिणे थांबवी. लिनक्स ८२५९-एची खोटी वर्दी त्या त्या रेषेपुरती एकदाच छापतो, परंतु ‘प्रॉक’ या फाइलव्यवस्थेतील इंटरप्टांच्या तक्त्यात ‘ईआरआर’ या ओळीत तिची मोजणी चालू ठेवतो. मला दुसरी रीत अधिक पटते. तपासणाऱ्याला फिर्यादीची भाषा एकदा कळली की पुरे. संख्या मात्र अखेरपर्यंत लागते.

साधने जोडण्याच्या १९९२ च्या पीसीआय पद्धतीने प्रश्नाचे स्वरूप पालटले. येथे अनेक साधने एकच रेषा वाटून घेत, आणि मागणी पुरी होईपर्यंत ती रेषा खेचलेलीच राही. म्हणून वर्दी येताच कर्नलने त्या रेषेवरील प्रत्येक ड्रायव्हरला ‘ही तुझी काय?’ असे विचारावयाचे, आणि सर्वांनीच नकार दिला, तर परतताक्षणी तीच वर्दी पुन्हा उभी, असा अखंड फेरा सुरू होऊन यंत्र ठप्प व्हावयाचे. लिनक्सने यावर हिशेबी बंदोबस्त केला: एक लाख वर्द्यांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारशी निघाल्या, तर ‘कोणीही दाद घेतली नाही’ अशा अर्थाचा मजकूर छापून ती रेषाच बंद करावयाची. या हुकमाने यंत्र वाचते. पण त्याच रेषेवरचे निर्दोष नेटवर्क-कार्डही निकामी होते. त्या मजकुरासोबत सुचविला जाणारा ‘आयआरक्यू-पोल’ हा पर्याय सगळ्याच ड्रायव्हरांना वरचेवर विचारीत फिरतो, म्हणजे इंटरप्टपूर्व काळाकडे काही अंशी परततो. त्याने यंत्र सुरू होईल, रोगाचे निदान होणार नाही. निदानासाठी ‘प्रॉक’मधील त्या इंटरप्टांच्या तक्त्याची दोन वाचने थोड्या अंतराने घेऊन कोणती संख्या धावते ते पाहावे, त्या रेषेवरचे ड्रायव्हर एकेक करून उतरवावेत, आणि कोणते साधन कोणत्या रेषेवर आहे हे सांगणाऱ्या फर्मवेअरच्या तक्त्यावर आंधळा विश्वास टाकू नये. दोष पुष्कळदा तेथेच सापडतो.

पुढे एमएसआय पद्धतीत वर्दी म्हणजे ठराविक पत्त्यावर लिहिलेला संदेश झाला, आणि रेषा वाटून घेण्याचे कारणच संपले. तथापि ही पद्धत ड्रायव्हरला मागून घ्यावी लागते, आणि ती न मिळाल्यास बहुतेक साधने जुन्या सामाईक रेषेवर परततात. म्हणून आजही तपासाला बसणाऱ्याने ‘प्रॉक’मधील तक्त्यात साधनाच्या नावापुढे एमएसआय लिहिले आहे की जुनी रेषा, हे प्रथम पाहावे.